पोरगा इंटरनेटवर असतो

ता. ७/३/९९, रवि. तिसगाव.

सुनीला बघायला सुप्याची माणसं आली. सुनी माझी नात. मी सांगते, ती लिहिते. गाळलंस तर बघ! आईबाप आले, पोरगा नाही. "आमचा पोरगा पुण्यात इंटरनेटवर असतो," आई म्हणाली. मी म्हटलं, "नारळावर चढलेला माणूसबी पाव्हण्यांसाठी खाली उतरतो." सुनीच्या बापानं, बबननं, डोळे वटारले.

चहा देताना बाईला सुनीच्या मनगटावरचा पांढरा डाग दिसला. "पीठ लागलंय का गं? धुऊन ये." आली धुऊन. "अजून एकदा धू." तर दुसऱ्यांदाही गेली. येडी.

ता. १४

निरोप नाही. बबननं फोन लावला. "इंटरनेटवर कळवतो," म्हणाले. बबन खूश. होकारच असणार म्हणे, नकाराला एवढी यंत्रं कोण लावतं!

ता. १६

बबन निरोप बघायला नगरला कॉम्प्युटरच्या दुकानात गेला. दुकानदारानं विचारलं, "पत्ता?" यानं सांगितला, मु. पो. तिसगाव, ता. पाथर्डी. दुकानभर हसले. पंगतीतून उठवल्यावानी तोंड घेऊन घरी.

ता. २१, रवि.

परत फोन. "कळवलं हुतं की इंटरनेटवर. तुमीच बघितलं न्हाई." काय कळवलं, ते सांगेनात. ठेवला.

आता कळलं मला. बाकीच्यांना नाही म्हणायला पत्रिका असते. जुळत नाही, संपलं. आपण छप्पन साली बौद्ध झालो, तेव्हाच पत्रिका सोडल्या. मग "डाग हाय" असं तोंडावर म्हणावं लागायचं. आता तोंडावर न म्हणायचीबी सोय झाली.

लिही, सुनी, तुझा डाग आजवर तिसगावात मावत होता, आता जगभर गेला. लिहिलंस? वाच. वाचलं तिनं. न अडखळता.

ता. २४, बुध.

राहात्याचं स्थळ. बिजवर, दोन लेकरं. मध्यस्थाकडं म्हणाला, "बैलाचा डाग चालतो, तसा बायकोचाबी चालंल." बबननं होकार देऊनही टाकला. रविवारी येणार.

"मला इचारलं?" सुनी.

"त्यानं तरी कुठं तुला इचारलं? चालतीस म्हणाला ना!" बबन.

आता लिहिता लिहिता सुनी म्हणते, "आजी, पाव्हण्यांना सांग, पोरगी इंटरनेटवर हाय."

लई हसले मी. ती हसली नाही.

रविवारी दारात मीच बसणार. विचारतील, पोरगी कुठंय.

"मग काय सांगशील, आजी?"

ते लिहू नको.