अप्पांचा फोन जोडला जातो

४ सप्टेंबर
सकाळी अश्विनीचा फोन. तिचे वडील गेल्यापासून पहिला. गल्लीत जाऊन उचलला. तर काय, 'आमचा राउटर जळलाय. तू लावतोस ना आता?' लावतो. कॉलेज अर्ध्यात सोडलेला माणूस दुसरं काय लावणार.
दुपारी आडगाव नाक्यावर तिच्या घरी. फोटोतले अप्पा, हार ताजा. याच हॉलमध्ये म्हणाले होते, 'अर्धवट सोडणाऱ्याला माझी मुलगी मिळायची नाही.' तेव्हा मी पाण्याचा ग्लास आपटून निघालो होतो. आज फोटोकडे पाहिलंच नाही.
राजूदादाच्या दुकानाची पद्धत अशी की डबा नवा, पण वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनेच. घरातले सगळे फोन आपोआप जोडले जातात, गिऱ्हाईक पुन्हा डोकं खात नाही. तसंच केलं. काकूंच्या, म्हणजे तिच्या आईच्या, मोबाइलवर ॲपही टाकून दिलं, माझ्याही मोबाइलवर जोडलं; कोण कोण जोडलंय ते दिसतं. कुणी मागितलं नव्हतं. उगाच भाव खाल्ला.

५ सप्टेंबर
संध्याकाळी काकूंचा फोन. आवाज एकदम शांत. 'गौरव, हे आलेत बघ.'
मी माझ्या मोबाइलवरून उघडून पाहिलं. काकू, अश्विनी, आणि तिसरं नाव, अप्पा.

६ सप्टेंबर
राजूदादा हसला. 'काय भो, शेजाऱ्याचा असेल. नाशकात एकच अप्पा आहे का?'
पटलं. तरी गेलो. अश्विनीने कपाटातून पिशवी काढली. ओझरच्या कारखान्यातून ड्युटी संपवून येताना हायवेवर अप्पांची गाडी घसरली, त्यानंतर पोलिसांनी दिलेली. आत फोन. दोन तुकडे, बॅटरी फुगलेली. प्रत्येक फोनला राउटर ज्या नंबराने ओळखतो तो फोनच्या जुन्या खोक्यावर छापलेला होता. ॲपमधल्याशी ताडून पाहिला. तोच.
दिवेलागणीला तुकडे आमच्यासमोर टेबलावर. आणि नाव आलं. सिग्नल फुल. म्हणजे याच खोलीत. अश्विनीने माझं मनगट धरलं. एरवी मी...
काकू मात्र उठल्या, चहाचं पाणी वाढवलं.

९ सप्टेंबर
रोज. कारखाना सुटून घरी पोचायची त्यांची वेळ झाली की नाव येतं. सकाळी जातं.
काकूंनी जेवायला बसवलं. या घरात मला पहिल्यांदाच कुणी वाढलं. 'तू लावलंस म्हणून त्यांना वाट सापडली,' म्हणाल्या.

११ सप्टेंबर
जिन्यात अश्विनी. पुण्याची नोकरी नक्की झालीय, आईला घेऊन जायचंय, आणि आई म्हणते माणूस रोज घरी येतंय, मी कुलूप कसं लावू.
'ते बंद कर गौरव. आईला कळू देऊ नको. मग आपलं बघू.'
आपलं.
मी म्हटलं, काकूंना काय वाटेल. तर फटकन, 'तू माझ्या बाजूने आहेस की अप्पांच्या?' अप्पांच्या! मी! डोकंच फिरलं.

१२ सप्टेंबर
केलं. त्यांच्याच जिन्यात उभं राहून. नाव आलं तसं ब्लॉकवर बोट दाबलं. तोंडातून निघालं, 'आता तुम्ही निघा.' नाव गेलं. फार बरं वाटलं. खरं तेच लिहितो.
मग वरून काकूंचा आवाज. 'अहो, आत्ता तर आलात. परत चप्पल कुठे घालताय?'
अश्विनी तर क्लासला गेली होती.

१३ सप्टेंबर
अश्विनीचा मेसेज, आज नाव नाही आलं. पुढे हसरा चेहरा. उद्या माझ्या सिडकोच्या खोलीवर येते म्हणाली, पहिल्यांदाच.
खोली झाडली. माझ्या राउटरला तिच्या घरचंच नाव दिलं, तिच्याच घरचा पासवर्ड. ती उंबरा ओलांडेल तसा तिचा फोन आपोआप जोडला जाईल. आपल्याच घरी आल्यासारखा. येडाच आहे मी.

१४ सप्टेंबर
दिवेलागण. अश्विनी अजून यायचीय. ॲप उघडून बसलो होतो, तिचं नाव कधी येतं ते बघत.
आलं. तिचं नाही.
सिग्नल फुल. कडी आतून मीच लावलीय. मागे वळून पाहायचं धाडस नाही.
तेवढ्यात काकूंचा फोन. 'ते घरी नाही आले रे, कालही नाही. बाहेर कुठे थांबायची सवय नाही त्यांना.' मग, 'तुझ्याकडे आलेत का?'
फोन ठेवून दिला.
अश्विनीचा मेसेज, रिक्षात बसले. ती यायच्या आत हे नाव दिसता कामा नये. दाबलं की झालं, तिला कळणारही नाही. बोट तिथेच आहे. पण एका घरातून हाकलल्यावर ते माझ्याकडे आले. इथूनही हाकललं तर ते कुणाकडे...