ताई, तुझा सेल अजून चालू आहे

प्रिय ताई,

काल तुझ्या लॅबमधून सरांचा फोन आला. तुझा तो नाण्याएवढा बॅटरीचा सेल अजून चार्ज-डिस्चार्ज होतोय, बंद करायचा का, विचारत होते. आईने फोन माझ्या हातात दिला. तुला जाऊन महिना झाला आणि सेल चालूच. रडू येत नाहीये, म्हणून लिहितोय.

आज कॅम्प तीनच्या बाजारातल्या जीन्सच्या दुकानातून सुट्टी घेऊन अंबरनाथ एमआयडीसीतल्या तुझ्या लॅबमध्ये गेलो. कॉलेज सोडल्यावर तुझा डबा तिथे पोचवणं, एवढं एकच काम मी वेळेवर करत होतो.

तू मला सेलमध्ये भरायची ती काळी पावडर दाखवलीस, आठवतं? सिलिकॉन चार्ज होताना फुगतं, मग आकसतं आणि तडकतं. म्हणून त्याचे कण डोळ्याला दिसणार नाहीत इतके बारीक करायचे, फुगायला जागा म्हणून आत पोकळ ठेवायचे. मग झटपट चार्ज केलं तरी टिकतं. वर म्हणालीस, "तुझंही तेच आहे बंट्या. लगेच फुगतोस, आत जागाच नाही." मला राग आला होता. एवढ्यावरून कोणी रागावतं का?

आणि तो प्लग. माझ्या मैत्रिणीचा, स्नेहलचा फोन येणार होता, माझ्या मोबाइलची बॅटरी संपत आलेली. लॅबच्या बोर्डवर जागा नाही म्हणून एक प्लग उपटला, माझा चार्जर लावला. तुझी तीन महिन्यांची टेस्ट वाया गेली. तू नुसती खुर्चीत बसलीस. ओरडलो मीच, "एका प्लगचं काय एवढं?" स्नेहलने त्या दिवशी फोन केलाच नाही, हे तुला कधी सांगितलं नाही. पंधरा दिवस तुझ्याशी बोललो नाही, डबा द्यायलाही आलो नाही. मग तुला ताप आला, आणि हॉस्पिटलमध्ये तू कुणाशीच बोलण्यासारखी राहिली नाहीस. त्याआधी तू तरी का नाही बोललीस गं?

सर म्हणाले, मी प्लग उपटला त्याच्या दुसऱ्याच दिवशी तू हा नवा सेल लावलास. त्याच्या प्लगवर पांढरी पट्टी होती, तुझ्या अक्षरात. "बंट्या, हा नको. तुझा खाली." वाकून बघितलं. टेबलाखाली नवाकोरा एक्स्टेन्शन बोर्ड. कुणी वापरलेलाच नव्हता.

म्हणजे मी परत येणार, हे तू धरूनच चालली होतीस?

सरांना म्हटलं, बंद करू नका. ते म्हणाले, आकडे उतरवायला माणूस नाही. मी येतो म्हटलं.

कॉलेजचं आज काही बोलत नाही. पण हा सेल आपणहून थकेपर्यंत दर शनिवारी येईन. मध्येच उठून जाणार नाही. आणि चार्जर खालीच लावीन.

तुझा,
बंट्या