रहम आणि अत्तर

भोर, शुक्रवार, जानेवारी १९३४

हात दोनदा धुतले, तरी इस्माईलभाईच्या अत्तराचा वास जात नाही. शिसारी आली आहे.

आज त्याच्याकडे पुण्याच्या मौलवीसाहेबांची दावत होती. जेवता जेवता ते सांगत होते, अरबीत र, ह, म या तीनच अक्षरांतून दया निघते, अल्लाहचं 'दयाळू' हे नाव निघतं, आईच्या गर्भाशयाचा शब्द निघतो आणि तिथून जुळणारं रक्ताचं नातंही. मी घास हातात धरून ऐकत राहिलो. इस्माईलभाईने तर मटणाची नळी चोखता चोखता डोळे मिटले. "व्वा! लई मोठी गोष्ट सांगितलीत."

आणि मागे, शेळ्यांच्या छपरात, त्याची सख्खी बहीण जैनब. नवरा गेल्यावर मार्गासनीच्या सासरच्यांनी हाकललेली, दिवस भरत आलेले. या भावाने तिला घरात घेतलं नाही. ती रिकामी थाळी घेऊन मागल्या दाराशी आली, तर हा म्हणतो, "ते दार लावा रे, शेळ्यांचा वास येतोय." मग उठून प्रत्येकाच्या मनगटाला अत्तर लावलं. मीही हात पुढे केला. का केला?

घरी येऊन बायकोला त्या तीन अक्षरांचं कौतुक सांगू लागलो. आमिनाने मधेच विचारलं, "आन् जैनब जेवली का?"

मला माहीत नव्हतं. मी तर दोनदा वाढून घेतलं होतं.

आमिनाने घोंगडं उचललं आणि तिला आणायला गेली. मी इथे मनगट हुंगत बसलोय.