नेमणुकांचा रविवार

पिंपरी
८ फेब्रुवारी २०२४

ती. दादास,
विजूचा प्रभूमध्ये सलाम वि. वि.

घरात फोन असताना ही बाई पत्रं काय लिहीत बसते, असं वहिनी म्हणतीलच. त्यांना सांग, आमच्याकडे फोनवर बोलायची सोय राहिलेली नाही. मी जे बोलते ते आमचा योएल ऐकतो आणि जसंच्या तसं गल्लीभर सांगत सुटतो. मागे तुझ्याशी बोलताना मी आमच्या खजिनदारबाईंच्या गाण्याबद्दल काहीतरी बोलून गेले. ते रविवारी उपासना सुटल्यावर त्यांना माझ्याच शब्दांत ऐकायला मिळालं. तेव्हापासून त्या माझ्याकडे पाहून फक्त चष्मा पुसतात.

यंदा साऱ्या चर्चांची वार्षिक परिषद आमच्या मंडळीत भरणार हे तुला माझ्याआधी कळलं असेल. एप्रिलअखेर पाच दिवस, साडेतीनशे माणूस. हे तर लग्नघर असल्यासारखे फिरतायत. मंडप कुठे घालायचा, विदर्भातले पाळक कुणाकडे उतरवायचे, हेच दिवसभर डोक्यात. इन्सुलिनची आठवण मात्र मीच करायची. गेल्या पावसाळ्यात वेदीपाशी चक्कर येऊन पडले, तेव्हापासून सुई मीच टोचते.

आता खरं काय ते लिहिते. इथे आमचं हे सातवं वर्ष. एवढं कुणालाच एका जागी ठेवत नाहीत. शेवटच्या रविवारी बिशपसाहेब नेमणुका वाचतील आणि तोवर खुद्द पाळकालाही कळणार नाही आपल्याला कुठे जायचंय. आजवर चार वेळा मी ट्रंका भरल्या, हूं की चूं केलं नाही. पण आता योएलचं काय करू? वय सत्तावीस, समज सहा-सात वर्षांच्या पोराची. समोरच्या सुमनताई मूळच्या निघोज्याच्या. त्यांच्या ज्ञानेशने शब्द टाकला म्हणून त्याच्या कंपनीत योएलला पॅकिंगला घेतलं. रबराच्या रिंगा पिशवीत भरायच्या, एवढंच काम. पण दादा, तो सकाळी कोपऱ्यावरून कंपनीची बस एकटा पकडतो आणि संध्याकाळी एकटा घरी येतो. हे शिकायला त्याला वर्ष लागलं आणि मला तेवढे दिवस त्या बसमागे रिक्षाने फिरावं लागलं. दुसऱ्या गावात त्याला कोण घेणार? पुन्हा खिडकीत बसून राहील, पूर्वीसारखा.

तू बिशपसाहेबांच्या कॅबिनेटमध्ये आहेस. नेमणुका तुम्ही सहा जणच ठरवता. आम्हाला दिघी चालेल, चाकण चालेल, पुणं चालेल. त्याची नोकरी राहील असं कुठेही टाका. आयुष्यात मी तुझ्याकडे दुसरं काही मागितलेलं नाही, एक ती लाल सायकल सोडून, आणि तीही तू दिली नव्हतीस.

वहिनींना सलाम. मायेत अंतर पडू देऊ नकोस.
तुझी विजू


नागपूर
२३ फेब्रुवारी २०२४

चि. सौ. विजूस,
साहेबरावदादाचे अनेक आशीर्वाद व सलाम.

सायकल मी दिली नाही कारण तू ती पहिल्याच दिवशी विहिरीत घातली असतीस. बाकी पत्र दोनदा वाचलं.

आधी जेवणाचं. आमच्या बाजूच्या लोकांना तुमचं गोडसर वरण चालत नाही. तिखट बाजूला वाटीत ठेव, म्हणजे बिशपसाहेबही जगतील आणि आम्हीही. एप्रिलमध्ये पाण्याचा टँकर आधीच सांगून ठेवा.

आता तुझं. विजू, कॅबिनेटमध्ये बसताना आम्ही आत जे बोलू ते बाहेर न बोलण्याची शपथ घेतो. शिवाय आमच्याकडे पद्धत आहे. कुणाच्या नातेवाइकाचं नाव निघालं की त्याने उठून खोलीबाहेर जायचं. तुमचं नाव येईल तेव्हा तुझा भाऊ व्हरांड्यात उभा असेल. तू समजतेस तेवढा मी मोठा माणूस नाही गं.

एक होऊ शकतं. धनेशरावांनी योएलची अडचण लिहून बिशपसाहेबांना अर्ज द्यावा. अर्ज वाचला जातो. मी वाचला काय, दुसऱ्याने वाचला काय, कागद बोलतो. त्यांना तयार कर.

योएलला मामाचे दोन पापे. मनात काही न आणता लिहीत राहा.
तुझा दादा


पिंपरी
२० मार्च २०२४

ती. दादास,
विजूचा सलाम वि. वि.

अर्जाचं नाव काढलं आणि घरात चार दिवस अबोला. ह्यांचं म्हणणं, दीक्षा घेताना गुडघे टेकून म्हटलं होतं की पाठवाल तिथे जाईन, आता पोराला पुढे करून सवलत मागू का? मी म्हटलं, गुडघे तुम्ही टेकलेत, योएलने नाही. मग ते उठून मंडपवाल्याकडे गेले. शेवटी परवा चार ओळी लिहिल्या आणि मला न दाखवता पाठवल्या. त्यात काय लिहिलं असेल ते मला माहीत आहे. अडचण एका ओळीत आणि "तरी प्रभूच्या व आपल्या इच्छेप्रमाणे" हे तीन ओळींत.

सुमनताईंना हे सगळं सांगितलं. त्या आपल्या चर्चच्या नाहीत, पण परिषदेच्या भाकऱ्यांचं त्यांनी अंगावर घेतलंय. म्हणाल्या, "सरकारी मान्सांची बदली हुती त्ये ठावं हाय. द्येवाच्या मान्सांची बी हुती व्हय?" मी काय सांगणार, कपाळ?

कामाचं म्हणशील तर महिला मंडळात तीन तट पडलेत, एक मटणाचा, एक चिकनचा आणि एक खजिनदारबाईंचा. गाद्या भोसरीहून येणार आहेत. योएल रोज विचारतो परिषद म्हणजे काय. मी सांगितलं, आई पाच दिवस मंडपात स्वयंपाक करणार आणि तू सुमनताईंकडे जेवायचं. तेवढं त्याला कळलं.

दादा, कॅबिनेट कधी बसणार आहे? बसल्यावर मला निदान हो किंवा नाही एवढं तरी लिही.

माया आहे तशीच असू दे.
विजू


नागपूर
११ एप्रिल २०२४

चि. सौ. विजूस,
आशीर्वाद.

मुंबईहून काल परत आलो. तब्येत ठीक आहे, पाठ थोडी धरली आहे. उन्हाने इथे जीव नकोसा झालाय. तुझ्या वहिनीने तुमच्यासाठी कैरीचं लोणचं घातलं आहे, येताना आणतो.

कॅबिनेटचं विचारू नकोस. सांगितलं होतं तसंच झालं. तुमचं नाव निघालं, मी बाहेर गेलो. पाण्याच्या माठाजवळ बराच वेळ उभा होतो. आत बोलावलं तेव्हा पुढचं नाव चालू होतं.

योएल सुमनताईंकडे जेवतो हे बरं आहे. कधी त्यांच्याकडे रात्री झोपतो का? एखाद दिवस झोपवून पाहा. आपलं सहज सुचलं म्हणून लिहिलं.

तिखटाचं विसरू नकोस. भेटीत बोलू.
तुझा दादा


पिंपरी
१७ एप्रिल २०२४

ती. दादास,
सलाम.

सहज सुचलं म्हणे. दादा, तू लहानपणी आईच्या डब्यातला गूळ खाऊन यायचास आणि मला सहज विचारायचास की मुंग्या कुठून येतात गं. तसंच हे लिहिलंस. योएलला सुमनताईंकडे झोपायची सवय कशाला लागायला हवी ते मला कळलं. चाकण नाही, पुणंही नाही. लांब आहे.

शपथ मोडायची नव्हती तर ती ओळ लिहायची नव्हती. आणि मोडायचीच होती तर गावाचं नाव तरी लिहायचंस. आता मी ना इकडची ना तिकडची. ह्यांना सांगू शकत नाही, सांगितलं तर तू कॅबिनेटमधून जाशील. मंडळीतल्या बायका म्हणतात, बाई, पुढच्या नाताळाला असं करू, तसं करू. मी हो हो म्हणते आणि कांदे मोजते. ज्या माणसांनी मला इथून उचलायचं ठरवलं त्यांच्यासाठी आता मसाला भाजायचा आहे. भाजेन. चांगलाच भाजेन, नाव ठेवायला जागा नको. पण परिषदेत तू स्वयंपाकाच्या बाजूला येऊ नकोस. तुझा तो पडलेला चेहरा पाहिला तर माझ्याच्याने पातेलं उचलवणार नाही.

योएलला काल सुमनताईंकडे झोपवलं. तो झोपला. मी नाही.

लोभ ठेवायचा की नाही ते तूच ठरव.
विजू


नागपूर
३ मे २०२४

चि. सौ. विजूस,
आशीर्वाद व सलाम.

तू सांगितलंस म्हणून पाच दिवस मी स्वयंपाकाकडे फिरकलो नाही. पंगतीत तू तीनदा माझ्या पानासमोरून गेलीस आणि तिन्ही वेळा शेजाऱ्याला वाढलंस. ते योग्यच होतं.

रविवारचं मात्र डोळ्यांपुढून जात नाही. मी व्यासपीठावर होतो. बिशपसाहेबांनी वाचलं, रेव्हरंड धनेश भालेराव, सावळी. धनेशराव उभे राहिले, मान खाली. मंडपाच्या कडेला तू हात पदराला पुसत उभी होतीस. सावळी कुठे आहे हे निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. आणि माइकवर बापाचं नाव ऐकून आपला योएल उठला आणि जोरजोरात टाळ्या वाजवायला लागला. तो वाजवतोय म्हणून सगळा मंडप वाजवायला लागला. मी पण वाजवल्या, विजू. न वाजवून काय करणार होतो?

आता नेमणुका वाचून झाल्या, तेव्हा एवढं सांगायला हरकत नाही. सावळी माझ्याच देखरेखीतल्या चर्च-जिल्ह्यात आहे, गोंदियाच्या पलीकडे. तिथल्या तरुण पाळकांच्या बायकोची, रोहिणीची, दोन्ही मूत्रपिंडं गेली आहेत. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. दर वेळी एसटीने जायला तीन तास, यायला तीन तास. गेल्या वर्षी वाटेतच ती दोनदा हातची जायची राहिली. कॅबिनेटमध्ये मी हात जोडून म्हटलं, या मुलीला मोठं हॉस्पिटल असलेल्या गावात न्या, नाहीतर तिचं रक्त आपल्या माथी. सगळ्यांनी मानलं. मग अशी मंडळी शोधू लागले जिथल्या पाळकाची मुदत भरली आहे. पिंपरीचं नाव निघालं आणि मला बाहेर जायला सांगितलं.

मी जे मागितलं ते मला मिळालं. ते कुणाच्या घरातून मिळणार हे विचारायला मी खोलीत नव्हतो. असतो तरी काय म्हटलं असतं ते मला आजही ठाऊक नाही. धनेशरावांचा अर्जही वाचला होता म्हणे. सगळ्यांना वाईट वाटलं, आणि पुढचं नाव घेतलं.

लोणच्याची बरणी पायरीवर ठेवून आलो होतो. मिळाली असेल. जमेल तेव्हा दोन ओळी लिही, नाही जमल्या तरी मी समजेन.
तुझा दादा


सावळी
१९ जून २०२४

ती. दादास,
विजूचा प्रभूमध्ये सलाम वि. वि.

लोणचं मिळालं. उत्तर लिहायला उशीर झाला. दोन पत्रं लिहून फाडली, ती तू वाचण्यासारखी नव्हती. आता राग आणू म्हटलं तरी येत नाही. कुणावर आणू?

त्या रोहिणीला मी नेमणुकांच्या आधीच ओळखत होते. परिषदेच्या पहिल्या दिवशीच माझ्याशेजारी येऊन लसूण सोलायला बसली. हात सुजलेला, त्यावर पट्टी. मी तिला दटावलं, काही उचलायचं नाही म्हणून. शनिवारी ती आपलं सगळं सांगत होती. मीच तिला म्हटलं, "अगं, तू इथे असतीस तर किती बरं झालं असतं. हॉस्पिटल आमच्या दारात आहे." रविवारी तिच्या नवऱ्याच्या नावापुढे पिंपरी वाचलं, तशी ती माझ्याकडे आली. माझा पदर धरून नुसती उभी. मी तिला अर्धा कप चहा दिला, पाणीही तिला मोजूनच प्यायचं असतं. मग बिशपसाहेबांच्या पंगतीला वाढायला गेले. ते म्हणाले, मटण फार छान झालंय. मी विचारलं, आणखी वाढू का?

मेमध्ये ठरवलं होतं, एक खोली घेऊन मी योएलजवळ राहते, हे एकटे पुढे जातील. त्याच आठवड्यात ह्यांची साखर पुन्हा उतरली. मोरीत पडलेले मला सापडले. त्या दिवशी खोलीचा विषय संपला. योएलला इकडे आणावं तर खिडकीशिवाय त्याला काय आहे? सुमनताई म्हणाल्या, "एक बस त्या पोराला ठावी झालीया, ती कशापायी हिसकून घेता? आमी हाय की." नवराही माझाच, पोरही माझंच. मी ह्यांच्याबरोबर आले.

योएलला सगळं नीट सांगितलं, पुन्हा पुन्हा सांगितलं. दर वेळी त्याने मान हलवली. निघायच्या दिवशी सकाळी तो डबा घेऊन बसमध्ये चढला आणि दुपारी आम्ही गाडीत बसलो.

इथे घर मोठं आहे, माणसं गरीब पण मायाळू. हे खूश आहेत, मला दिसू नये म्हणून जरा कमी खूश असल्यासारखं दाखवतात.

सुमनताईंचा रोज फोन येतो. योएल रडत नाही, जेवतो, कंपनीत जातो. संध्याकाळी बसमधून उतरला की सवयीने आमच्या जुन्या घरी जातो. रोहिणी दार उघडते, त्याला बिस्किट देते आणि हात धरून समोर पोचवते. मग तो सुमनताईंना एकच विचारतो, आईची परिषद संपली का? पहिल्या दिवशी त्यांना काही सुचलं नाही. म्हणाल्या, न्हाई बाळा, अजून चालू हाय. तो बरं म्हणाला आणि पानावर बसला. तेव्हापासून रोज हेच चाललंय.

काल खरं सांगायचंच असं ठरवून मी फोन केला. दोन वेळा नीट मनात म्हणूनही पाहिलं. त्याने फोन घेतला आणि मला काही बोलू न देता विचारलं, "आई, परिषद संपली?"

मी म्हटलं, "चालू आहे रे."

वहिनींना सलाम. मामा म्हणून अधूनमधून पिंपरीला जाऊन ये, तेवढीच माया पुष्कळ झाली.
तुझी विजू