सामान्य गणित, स्वेच्छेने

सोम. १७ जून
शाळा सुरू. गेटावर नवा फ्लेक्स, दहावीचा निकाल शंभर टक्के. मोठ्या बाईंचा फोटो पहिल्या आलेल्या मुलीच्या फोटोपेक्षा मोठा. असो, मुख्याध्यापिका आहेत, त्यांचा मान.
दुपारी गणिताच्या सरांनी कार्यालयात माझ्या, कारकुनाच्या, टेबलावर यादी आणून टाकली. नववीतली तेरा नावं, प्रत्येकापुढे "सा.ग.", म्हणजे सामान्य गणित. बीजगणित-भूमिती ज्यांना झेपणार नाही असं सरांना वाटतं, त्यांच्यासाठी सोपा पेपर. सगळे पास होतात. दहावीनंतर सायन्सचं दार मात्र बंद, ते कोणी मोठ्यानं सांगत नाही. आठवीपर्यंत कोणाला नापास करायचं नाही, मग नववीत अशी झाडलोट.
तेरा संमतिपत्रं छापायची आहेत. "माझा पाल्य स्वेच्छेने सामान्य गणित हा विषय घेत आहे." दरवर्षीचंच. प्रिंटरला शाई नाही. उद्या.

मंगळ. १८ जून
रोहिणी आली होती. चार वर्षांपूर्वी नववीत होती, वेण्या आणि कायम हरवलेलं ओळखपत्र. आता शाळा सोडल्याचा दाखला हरवलाय. खराडीला एका कंपनीत रिसेप्शनला असते. "कोडिंगवाले वर जातात ताई, मी खाली बसून व्हिजिटर पास देते." हसून म्हणाली. मग हसू गेलं. "मी सामान्य गणित मागितलं कधी हो? मला कॉम्प्युटरला जायचं होतं. सायन्सचा फॉर्म भरायला गेले तेव्हा कळलं, चालत नाही."
म्हटलं, असं कसं, तुझ्या आईनं सही केलीये. फाईल काढून तोऱ्यात तिच्यापुढे धरली. सही झोकदार, खाली रेघ. ती बघतच राहिली.
"ताई, आई अंगठा लावते."
खाली कोपऱ्यात "तपासले" आणि माझी आद्याक्षरं.
डबा तसाच घरी आणला.

बुध. १९ जून
कपाट उघडून बसले. आजवरची सगळी संमतिपत्रं काढली. आया वेगळ्या, बाप वेगळे, आणि बऱ्याच नावांखालची रेघ एकाच हाताची. डोळे होते मला, बघितलं नाही. शिक्का मारायचा, पुढचं घ्यायचं.
सरांना जिन्यात गाठलं. चिडले सुद्धा नाहीत. "अहो अलकाताई, दहा निरोप धाडले तरी पालक येतात का? एका वर्गात चौसष्ट पोरं. पास झाली ना शेवटी? भलंच केलं की त्यांचं."
भलं! भलं करायला दुसऱ्याच्या आईची सही कशाला लागते, म्हटलं. चष्मा काढून पुसत बसले. माणूस वाईट नाही, हाच तर वैताग आहे. वाईट असता तर बरं होतं, सरळ भांडता आलं असतं.

गुरु. २० जून
कार्यालयाच्या खिडकीवर कागद डकवला, माझ्या अक्षरात:
"सामान्य गणिताच्या संमतिपत्रावर पालकांनी कार्यालयात समक्ष सही करावी किंवा अंगठा लावावा. समक्ष म्हणजे समक्ष. शिक्षकांमार्फत आलेली पत्रे घेतली जाणार नाहीत. विद्यार्थ्यास सोबत आणावे. १ ते १.३० जेवणाची वेळ. तेव्हाही चालेल."
शेवटचं वाक्य वाचून शिपाई चक्रावला. "ताई, तब्येत बरी आहे ना?"

शुक्र. २१ जून
मोठ्या बाईंच्या केबिनमध्ये बोलावणं. पाटी काढा म्हणाल्या. नाही काढत म्हटलं.
"गणितातलं तुम्हाला काय कळतं हो?"
"काही नाही."
"दहावीला किती होते?"
"पहिल्यांदा एकोणीस, दुसऱ्यांदा सत्तावीस, तिसऱ्यांदा पस्तीस."
"मग तुम्हालाच कळायला हवं, ह्या मुलांना आपण कशातून वाचवतो ते."
"तेच कळलंय," म्हटलं आणि उठले. बसा म्हणाल्या होत्या का, जा म्हणाल्या होत्या, आठवत नाही.
दिवसभर डोक्यात तेच. दुसऱ्यांदा नापास झाले तेव्हा दादा, माझे वडील, म्हणाले, बास झालं आता, रानात चल. तेव्हा खराडीला रान होतं आमचं. मी हट्टाला पेटले, फॉर्म भरणार म्हणजे भरणार. तिन्ही वेळा फॉर्म मी भरला, नापासही माझी मीच झाले. कोणी मला परस्पर उचलून बाजूला ठेवलं नाही. पस्तीस का असेनात, माझे आहेत.

मंगळ. २५ जून
पालक यायला लागले. आज पाच. पाचही खुशीत. एक वडील म्हणाले, "द्या मॅडम, द्या. ह्याला पाढे येईनात, बीजगणितात काय दिवे लावणार?" पोरगा दात काढून हसतोय. त्याला विचारलं, तुझं काय म्हणणं? "सामान्यच पाहिजे. मला मामाच्या गॅरेजला जायचंय." छान. मारला शिक्का. माझं सामान्य गणिताशी वाकडं नाही. विचारलं, त्यानं सांगितलं, विषय संपला.
सरांना म्हटलं, बघा, येतात पालक. म्हणाले, "येतात. तुमच्या पाटीला घाबरून."

गुरु. २७ जून
प्रणाली, नववी ब. बसच्या पासासाठी बोनाफाईड मागायला आली आणि खिडकीतून माझ्या टेबलावरची यादी उलटी वाचली.
"ह्यात माझं नाव कोणी टाकलं?"
सरांनी. आठवीला गणितात शंभरात एकतीस म्हणून.
"एकतीसच होते, बरोबर आहे. पण मला सोपं द्या असं मी कुठं म्हटलं?"
फटकळ आहे. आवडली. घरचे वर्ध्याकडून आलेले, वडील मार्केट यार्डात टेम्पोवर, आई खराडीला आयटी कंपनीत साफसफाईला. काय व्हायचंय गं तुला? "ते ठरलं नाही अजून. पण उद्या ठरलं तर?"
आईला घेऊन ये म्हटलं.
सरांपाशी विषय काढला. हुशार वाटते हो पोरगी. "हुशार नाही, तोंडाळ आहे. कंसाबाहेर वजा असला की आतल्या पहिल्या पदाचं चिन्ह बदलते, दुसऱ्याचं तसंच ठेवते. दहा वेळा सांगून झालं." असेल. नसेल हुशार. मी कुठं म्हणतेय ती हुशार आहे म्हणून घ्या? विचारा म्हणतेय फक्त!

मंगळ. २ जुलै
प्र.ची आई आली. खराडीहून स्वारगेट, तिथून दुसरी बस, अर्ध्या दिवसाची रजा टाकून. मोठ्या बाई आणि सर दोघंही कार्यालयात येऊन उभे राहिले, तमाशाला.
"हे काय लिवलं हाय जी?" वाचून दाखवलं.
"स्वेच्छेने मंजे?"
"आपल्या मनानं."
"कोनाच्या मनानं?"
मग मोठ्या बाई, आवाजात साखर घोळून: "अहो, मुलीच्या भल्यासाठीच आहे. उद्या नापास झाली तर वर्ष फुकट जाईल तिचं."
आईनं पोरीकडे पाहिलं. "नापास झाली तं?"
"झाले तर झाले. परत बसेन."
"मंग मी नाई म्हननार, ऊठ, अभ्यास कर म्हनून. ध्यानात ठेव."
"नको म्हणू."
आईनं कागद माझ्याकडे सरकवला. "मी नाई करत जी सही." आणि सरांना, "तिले नीट शिकवसान ना पन?"
"शिकवतोच आहे," सर म्हणाले. जरा हळूच म्हणाले.
टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. कार्यालय आहे म्हणून आवरलं.

शुक्र. ५ जुलै
यादी पाठवायची शेवटची तारीख. चार वाजता मोठ्या बाई खुर्चीमागे येऊन उभ्या. "प्रणालीचं नाव सामान्यमध्ये टाका. आईचं मी बघते."
"लेखी द्या."
"लेखी कशाला?"
"फाईलला लावायला."
मग चपलांचा आवाज करत गेल्या. यादी पाठवली. बारा नावं. बाराही जण माझ्यासमोर विचारलेले. एका आजीचा अंगठा तर असा लख्ख उमटलाय की बघत राहावं.

मंगळ. ९ जुलै
शाळा चालवणाऱ्या संस्थेचा मेमो आला. "कामकाजात जाणीवपूर्वक अडथळा व वरिष्ठांशी उद्धट वर्तन." तीन दिवसांत खुलासा.
भावाचा फोन. त्याला कोण सांगतं कोण जाणे. "कशापायी भांडतीस? दोन वर्सं राह्यलीत, पेन्शन हाय, गप रहा की." गप राहूनच तर इथवर आले रे बाबा.

गुरु. ११ जुलै
खुलासा दिला. "स्वेच्छेने हा शब्द शाळेनेच छापला आहे. तो काढून टाकावा, माझी हरकत नाही. तो आहे तोवर मी विचारणार." इथवर झरझर लिहिलं.
पुढे: "रोहिणीच्या संमतिपत्रावरील सही तिच्या आईची नाही. त्याखालील 'तपासले' ही सही माझी आहे. मी तपासले नव्हते." खोडलं. परत लिहिलं. नोकरीवर येईल, येऊ दे. जावक क्रमांक घातला, रजिस्टरला नोंद केली. आता कोणाला फाडून टाकता यायचं नाही.
प्रत रोहिणीला दिली. संध्याकाळी मेसेज: "ताई, आईला वाचून दाखवलं." एवढंच. तिला ह्यातून काय परत मिळालं? काही नाही. मला लाज वाटते, ती वाटत राहणार.

सोम. १२ ऑगस्ट
घटक चाचणीचे पेपर. बीजगणित, प्रणाली, वीसपैकी सहा. सरांनी पेपर मुद्दाम माझ्या टेबलावर आणून ठेवला. "बघा तुमची स्वेच्छा." लाल शाईत तीन ठिकाणी गोल, तिन्हीकडे कंस आणि वजा. मला एवढंच समजलं.
माझ्या तत्त्वापायी पोरीचं वाटोळं तर नाही ना करत मी? मेमो माझा, तत्त्व माझं, आणि सहा मार्क तिचे. संस्था चौकशी लावणार आहे म्हणे. लावा. त्याचं काही नाही वाटत, ह्या सहाचं वाटतं.

मंगळ. १३ ऑगस्ट
मधल्या सुट्टीत प्र. खिडकीशी. डोळे लाल, पण मान ताठ.
"ताई, ते सामान्यचं अजून बदलून मिळतं का?"
मिळतं. महिनाअखेरपर्यंत दुरुस्ती चालते. क्षणभर वाटलं, सांगावं तारीख गेली म्हणून. जिभेवर आलं होतं. म्हणजे मग माझ्यात आणि सरांत फरक काय राहिला? सांगितलं खरं ते. कोरं संमतिपत्र काढून दिलं. देताना जिवावर आलं.
तिनं उभ्याउभ्या वाचलं, सगळं, खालच्या टिपेसकट. पेन मागितलं, दिलं. वर स्वतःचं नाव लिहिलं आणि थांबली.
"हे मी जवळ ठेवलं तर चालेल?"
"चालेल की. तुझंच आहे."
"भरलं तर आईला घेऊन येईन. सरांना सांगू नका, माझ्याकडे आहे म्हणून."
नाही सांगत म्हटलं. घंटा झाली. घडी घालून दप्तरात कोंबलं आणि पळाली. भिंतीवरचं वेळापत्रक बघितलं. नववी ब, पाचवा तास, बीजगणित.
खिडकीतून मान काढून पाहिलं. वर्गात गेली.