पाहुणा की जोडीदार

प्रिय अण्णा,

काल सकाळी तुमच्या प्रश्नाचं उत्तर आलं. एरवी मी लगेच कोईमतूरला फोन लावला असता आणि तुम्ही गलाईच्या दुकानातली सोनं गाळायची भट्टी दुसऱ्याकडं सोपवून, बाहेर रस्त्यावर येऊन ओरडत बोलला असता. आता तुमचा फोन लागायचा नाही, म्हणून लिहायला बसले.

प्रश्न आठवतोय ना? गेल्या वर्षी यात्रेला तुम्ही गावी आला होता. दुपारी सोप्यात तुम्ही, आई आणि मी शेंगा फोडत बसलो होतो. तुम्ही विचारलंत, "पुण्यात बसून नेमकं बगतीस तरी काय गं?"

मी सांगितलं, की आकाशात एका ठिकाणाहून फार जोरकस गॅमा किरण येतात, पण कुठल्या ताऱ्याकडून ते नीट कळत नाही. आपल्या माळावरून रात्री विटा शहराचा उजेड दिसतो, दिवा कुणाच्या घरातला ते दिसत नाही, तसं. मग अवकाशातल्या एक्स-रे दुर्बिणीनं आम्ही तिथं बारकाईनं बघतो. "सोनं तपासायच्या मशीनीत आसतोय त्योच एक्स-रे?" तुम्ही विचारलंत. तोच, अण्णा. त्यात एक मोठा तारा सापडला. त्याच्याभोवती काहीतरी लहानसं पण फार जड असं फिरत असावं. ते काही केल्या दिसत नाही. पण ते जवळ आलं की तिथला एक्स-रे वाढतो, लांब गेलं की मंदावतो.

तुम्ही हसलात. "म्हंजे आपल्या घरातलंच सांगतीस की."

आई मान वर न करता म्हणाली, "व्हय. आनि न दिसनारं तुमी."

तिचं खरंच होतं. तुम्ही यायच्या आधी मला कुणी सांगावं लागायचं नाही. आई पुढच्या भिंतीला चुना द्यायची, तुम्हाला परत नेण्यासाठी शेंगदाण्याची चटणी कुटायला घ्यायची, शेजारणींशी मोठ्यानं बोलायला लागायची. तुम्ही गेलात की पुन्हा घर गप्प. मी तुम्हाला ओळखायला शिकले ते आईकडं बघून.

मग तुम्ही खरा प्रश्न टाकलात. "किती येळा वाढल्यालं बगितलंस?"

"एकदाच."

"मग जोडी कशावरनं? एकदाच आल्याला पावना बी आसतोय की."

आमच्या गटातही हाच वाद चालला होता. एकटा तारासुद्धा कधीकधी आपला आपण भडकतो. जोडी म्हणायची तर त्यानं ठरल्या वेळी परत यायला हवं. गॅमा किरणांच्या जुन्या नोंदींवरून मी पुढच्या फेरीचा अंदाज काढला आणि तुम्हाला म्हणाले, पुढच्या वर्षी सांगते. तुम्ही "बरं" म्हणालात, कोईमतूरला परतलात आणि त्याच उन्हाळ्यात तिकडं छातीत कळ आली. एवढा प्रश्न विचारून ठेवून असं कुणी जातं का, अण्णा?

ठरलेले दिवस या महिन्यात आले. दुर्बीण बघत होती आणि एक्स-रे होता तसाच मंद. मी हिरमुसले. पाहुणाच निघाला म्हणायचा. आईला फोनवर सांगितलं तर ती शांतपणे म्हणाली, "गाडीला उशीर झाला आसंल. तुजा बा कवा येळेवर आलाय?"

आणि काल आकडे आले. वाढलाय तो. माझ्या अंदाजापेक्षा उशिरा, पण वाढलाय. म्हणजे माझ्या हिशोबात चूक होती, त्याच्या येण्यात नाही. गटातले म्हणतात, अजून एक फेरी बघू आणि मगच जोडी म्हणू. मलाही तेच पटतं. पण तुमच्यापुरतं सांगते, हा पाहुणा वाटत नाही.

एक गोष्ट मात्र मला उलगडत नाही. आकाशातला जोडीदार नाहीसा झाला, तर ते वाढणं थांबेल. थांबायलाच हवं. यंदा यात्रेला मी घरी गेले तर भिंतीला ताजा चुना, आणि आई उखळापाशी. मी म्हटलं, "आई, आता कोण नेणार चटणी?"

"कोन न्हाई," ती म्हणाली. "पर यात्रा आली की हात थांबत न्हाईत गं."

कोईमतूरहून तुमच्या सामानासोबत तुमचा स्टीलचा डबा परत आला होता. तिनं तो काठोकाठ भरला आणि माझ्या पिशवीत घातला. हे माझ्या कुठल्याच गणितात बसत नाही, अण्णा. तुमची फार आठवण येते.

तिसरी फेरीही मी बघणार आहे, उशीर झाला तरी. आणि दर यात्रेला तुमचा डबा रिकामा करून घरी घेऊन जाईन. भिंतीला चुना दिल्यावर आईनं दाराकडं बघितलं, तर कुणीतरी येताना दिसायला हवं.

तुमची,
वैशू