पिस्तुलात काय कमी आहे

१ मार्च, शनिवार
एका अन्यायाची नोंद करून ठेवतो. माझ्या पिस्तुलाच्या मुठीवरची खरखर उजव्या तळहाताला टोचते. कंपनीला सविस्तर मेल केली. उत्तर आलं, थँक्स फॉर द फीडबॅक, मेट.
नेमबाजी क्लबात आज प्रॉडक्शन गटात पाचांत दुसरा. पहिली पॉलीन. ऑगस्टमध्ये आंतरक्लब मॅच, टीममध्ये आमच्या गटाची एकच जागा. कॅप्टन ल्यूक म्हणाला, तुझी नाहीतर पॉलीनची. म्हणजे माझी.

२ मार्च
मुठीला रबरी पट्टी चिकटवली. आता घोरपडीची पकड. उद्यापासून पहाटे साडेपाचला रिकाम्या पिस्तुलाने सराव.

३ मार्च, स. ८.१०
उद्यापासून.

१५ मार्च
पट्टी मूठ सोडून हाताला चिकटली. पुन्हा दुसरा.
पॉलीन मूळची वसईची, इथे पॅथॉलॉजी लॅबमध्ये. सहा वर्षं एकच पिस्तूल, कंपनीतून आलं तसं. म्हणाली, अरे शैलेंद्र, पिस्तुलाला मखर कसलं बांधतोस, आधी बोटाला वळण लाव!
सोळा वर्षं बिझनेस अ‍ॅनालिस्ट आहे मी. प्रॉब्लेम कुठे आहे हे मला कळतं. हार्डवेअरमध्ये.

१० मे
गनस्मिथकडून चाप हलका करून आणला. पहिली फेरी अकरा सेकंदांत! पाच नेम चुकले, पण अकरा सेकंद!
घरी सांगितलं. चिन्मयी म्हणाली, सो नाउ यू मिस फास्टर, डॅड. तिची आई, सुचित्रा, म्हणाली, बाथरूमचा नळ एप्रिलपासून गळतोय, त्याचंही काही अपग्रेड निघतं का बघ.
केलीव्हिलातल्या या घरात खेळाडूवृत्ती नाही.

२१ जून
पिस्तुलाचं वरचं पोलाद कापून रेड डॉट, म्हणजे नेम धरायची काच, बसवला. डोळ्यासमोर लाल ठिपका, तो टार्गेटवर ठेवला की झालं. शिवाय मॅगझिन झटकन आत जावं म्हणून मुठीखाली पितळी नरसाळं. ल्यूकने शीळ घातली, विचारलं, यू शुअर, मेट? मत्सर कुणालाच सुटलेला नाही.
संध्याकाळी त्याने नियमपुस्तक पाठवलं. चौऱ्याऐंशी पानं. वीकेंडला वाचतो.

५ जुलै
ठिपका सापडत नाही. सापडेपर्यंत पॉलीनचं आटोपून तिचा चहासुद्धा झालेला असतो. बहुधा मान अवघडल्यामुळे. उशी बदलावी.

१९ जुलै, स. ६.००
आज निवड. कॉन्फिडन्स पूर्ण.

१९ जुलै, संध्याकाळ
सुरुवातीला पिस्तुलांची तपासणी. ल्यूकने माझं उचललं, फिरवून पाहिलं, ठेवलं. म्हणाला, ठिपका आणि नरसाळं म्हणजे ओपन गट. प्रॉडक्शन म्हणजे कंपनीतून आलं तसं पिस्तूल, त्यात यातलं काहीच चालत नाही, पान नऊ. म्हटलं, आत्ता काढतो. म्हणाला, नरसाळं काढशील, कापलेलं पोलाद कसं चिकटवणार, मेट?
ओपनमध्ये आणखी चौघं. त्यातले तिघे राज्य पातळीवरचे. मी पाचवा. जागा पॉलीनची.
एकाची फेरी झाली की बाकीच्यांनी टार्गेटवरची भोकं कागदी टिकल्यांनी बुजवायची, अशी पद्धत. माझ्या ठिपक्याचा स्क्रू पडला होता, मी गवतात तो शोधत बसलो. माझ्या वाट्याची बुजवाबुजवी दुपारभर पॉलीनने केली.
शेवटची फेरी तिची होती. टिकल्यांचा रोल मी मागून घेतला आणि एकटाच टार्गेट बुजवायला गेलो. बारा भोकं. सगळी मधल्या चौकटीत. फार हात हलवावा लागला नाही.